सुमनमावशीचा कान

गाणं ऐकताना सुमनमावशी डावा हात गळ्याशी नेत असे. दोन बोटं कंठाच्या खळगीत हलकेच टेकवायची, जणू समोरच्या सागवानी खोक्यातून निघालेला स्वर वाटेत इथे क्षणभर विसावून मगच तिच्या कानात शिरणार होता. मुलुंडच्या हिवाळ्यात डोंगराकडचा गारवा खिडकीच्या गजांतून आत यायचा, तिच्या मिटलेल्या पापण्यांवर कोवळं ऊन पडलेलं असायचं, आणि तबकडीवर सुई टेकताच येणारी ती बारीक खरखर संपून तानपुऱ्याची जवारी खोलीत पसरू लागली की तिचा सारा चेहरा आतून कुणी दिवा सरकवल्यासारखा हळूहळू उजळत जायचा. अशा वेळी तिच्याशी कुणी बोलत नसे. स्वयंपाकघरात दूध उतू गेलं तरी मी धावायचे, ती नाही.

मी चिपळूणची. कॉलेजसाठी मुंबईला आले ती या सख्ख्या मावशीच्या घरी राहायला. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. दोन खोल्यांचं घर, मूलबाळ नाही, आणि बाहेरच्या खोलीचा अर्धा भाग अरविंदकाकांच्या यंत्रांनी व्यापलेला. काका लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. पण त्यांचा जीव नोकरीत नव्हता, आवाजात होता. तबकडी फिरवणारं यंत्र परदेशी होतं, एका मित्राकडून घेतलेलं. अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी स्वतः जोडलेला. आणि ते दोन स्पीकर तर इंचाइंचानं त्यांच्याच हातचे. लाकडाच्या वखारीतून निवडून आणलेलं सागवान, त्याला घरीच केलेलं पॉलिश, आणि पोटात मावशीच्या लग्नात माहेराहून आलेली काळी घोंगडी. आवाज आतल्या आत आदळून घुमू नये म्हणून खोक्यात काहीतरी मऊ भरावं लागतं. काकांनी कापूस भरून पाहिला, काथ्या भरून पाहिला, आणि शेवटी मावशीच म्हणाली, "माझी घोंगडी घाला. लोकर आवाज गिळत नाही, नुसता निववते."

ते स्पीकर काकांनी बांधले, पण त्यांना वाणी दिली ती मावशीनं. मावशी उत्तम गायची. मैफिली कधी केल्या नाहीत. पण कॉलनीतल्या मुलींना संध्याकाळी शिकवायची, आणि सुरांच्या बाबतीत तिची जीभ फार तिखट होती. काका एखादी तार बदलायचे, एखादा भाग काढून दुसरा बसवायचे, आणि तीच तबकडी पुन्हा लावून तिच्याकडे पाहायचे. ती डोळे न उघडता सांगायची, "घशाला मफलर गुंडाळलाय हिनं." काका पुन्हा पाठीमागची फळी उघडायचे. "आता पितळी झाला. वाटी पडल्यासारखा वाजतोय." पुन्हा फळी. "आता बरा आहे, पण बाई दाराआड उभी राहून गातेय. आत बोलवा तिला." असं कितीतरी महिने चाललं होतं म्हणे. तिच्या या घरगुती शब्दांचं काकांना विजेच्या भाषेत रूपांतर करता यायचं, हीच त्या संसारातली सगळ्यांत सुंदर गोष्ट होती. दुसरी जोडपी एकमेकांना गजरे देतात, सिनेमाला जातात; ही दोघं एका न पाहिलेल्या गायिकेला हाताला धरून दाराआडून खोलीत आणत होती.

आणि ती खरोखरच आली होती. त्या जोडीचा आवाज मला आजही शब्दांत नीटसा सांगता येत नाही. तो मोठा नव्हता. त्यात दिपवणारं काही नव्हतं. खालचे सूर भिजलेल्या मातीसारखे शांत, भारदस्त, आपली जागा न सोडणारे; वरचे सूर सकाळच्या दवासारखे, चमकले तरी डोळ्यांत न खुपणारे; आणि या दोहोंच्या मधोमध, जिथे माणसाचा कंठ असतो तिथे, एक विलक्षण स्निग्ध, सजीव ऊब. मावशीच्या आवडत्या तबकडीत एक बुजुर्ग गायिका तान घेण्याआधी किंचित श्वास घ्यायची. तो श्वास या स्पीकरांतून असा यायचा की आपण नकळत आपलाही श्वास रोखून धरावा. रविवारी सकाळी काकांचे मित्र ऐकायला यायचे आणि कुणी कौतुक केलं की काका म्हणायचे, "माझं मीटर चुकेल, पण सुमनचा कान चुकायचा नाही." मावशी पोह्यांच्या बशा गोळा करत असायची. ऐकलं न ऐकल्यासारखं करायची, पण तिच्या मानेला एक अभिमानाचा बाक यायचा.

त्या रविवारच्या मंडळींतूनच एकदा सामंत आले. अंधेरीला त्यांची स्वतःची शेड होती, रेडिओची खोकी बनवायचे. पूर्ण तबकडी त्यांनी मान खाली घालून ऐकली आणि म्हणाले, "अरविंदराव, हा आवाज तुम्ही घरात कोंडून ठेवलाय. लोक रांगा लावतील यासाठी." बघता बघता भागीदारी ठरली, काकांनी नोकरी सोडली, आणि अंधेरी स्टेशनजवळ दुकान घेतलं गेलं. मावशीला आनंद झाला होता, अगदी मनापासून. तिनं फक्त एक गोष्ट मागितली.

"हे दोन मात्र घरातून हलवायचे नाहीत हं."

"वेडी आहेस का," काका म्हणाले, "हे तुझेच आहेत."

त्या वर्षी गणपतीला मावशी आणि मी चिपळूणला गेलो. दुकानाचं उद्घाटन तोंडावर आलं होतं म्हणून काका मागे राहिले. परत आलो तर घर लख्ख झाडलेलं, आणि स्पीकरांवर नवं, गडद तपकिरी कापड ताणलेलं. लाकूडही पॉलिशनं चकाकत होतं. "तुला सरप्राइज," काका म्हणाले. मावशी हसली. हात धुऊन, तोंडावर पाणी मारून ती आपल्या खुर्चीत बसली, आणि काकांनी तीच तबकडी लावली.

मी तिच्याकडे पाहत होते. तिची बोटं गळ्याशी गेली, थांबली, आणि खाली आली. तिनं डोळे उघडले.

"ही श्वास कुठे घेते?"

"म्हणजे?" काका तबकडीचं पाकीट पुसत होते.

"तानेच्या आधी घ्यायची ना. आता नाही घेत."

"दमट हवा आहे गं. लाकूड फुगतं पावसात. होईल ठीक."

ती पुन्हा ऐकू लागली. मग हलक्या आवाजात, एखाद्या परक्या माणसासमोर बोलावं तसं म्हणाली, "अहो, हे आपले नाहीत."

"आपलेच आहेत," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात कंप नव्हता. "नुसतं कापड बदललंय. आत तुझी घोंगडीच आहे."

नव्या आवाजात खालचे सूर फुगले होते, वरचे चकचकीत झाले होते, आणि मधली ती ऊब कुणी चमच्यानं कोरून घ्यावी तशी नाहीशी झाली होती. हे सारं मला पुढे कळलं. त्या दिवशी मला फक्त आवाज जरा मोठा वाटला, आणि काका सांगताहेत म्हणजे तसंच असणार असंही वाटलं. मावशीलाही तसंच वाटावं, अशी तिची धडपड त्या दिवसापासून सुरू झाली. ती रोज दुपारी एकटी बसून ऐकायची. खुर्ची पुढे ओढायची, मागे न्यायची, खिडकी लावून घ्यायची, उघडायची. नवऱ्यावर अविश्वास दाखवण्यापेक्षा स्वतःच्या कानांवर दाखवणं तिला सोपं गेलं. तिच्या पिढीच्या बायकांना ते तसं शिकवलेलंच असतं. आणि हे काकांना ठाऊक होतं. मला त्यांचा राग येतो तो इथे.

एका रविवारी मंडळी जमली असताना कुणीतरी तिला विचारलं, "वहिनी, नव्या कापडानं फरक पडला का हो?" ती उत्तर शोधत होती तेवढ्यात काकाच म्हणाले, "हिला हल्ली वरचे सूर जरा कमी ऐकू येतात. वयाचं आहे." ते कुत्सितपणे म्हणाले नाहीत. उलट फार प्रेमानं म्हणाले, तिच्या खांद्यावर हात ठेवून. मावशी त्या हाताखाली अगदी स्थिर उभी होती.

हळूहळू ती शंका घराच्या कोपऱ्याकोपऱ्यांत पसरली. कुकरच्या शिट्या ती मला मोजायला सांगू लागली. दाराची बेल वाजली की माझ्याकडे पाहायची, खरंच वाजली का म्हणून. तानपुरा लावताना खुंटी पिळायची, ऐकायची, पुन्हा सैल करायची. एके काळी बोलता बोलता सुरात लावणारी ती बाई घटकाघटका एका तारेशी झुंजत राहायची. आणि दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी तिनं मुलींना सांगून टाकलं की सुट्टीनंतर क्लास बंद.

एका मुलीची आई विचारायला आली. "अहो, पण का? इतकं छान शिकवता तुम्ही."

"ज्याचा कान गेला त्यानं शिकवू नये," मावशी म्हणाली. "चुकीचा सूर एकदा गळ्यात बसला ना, की जन्मभर निघत नाही. लोकांच्या पोरींचे गळे नासवण्याचा मला काय हक्क आहे?"

काका तेव्हा चहाचा कप हातात धरून आतल्या दारात उभे होते. त्यांनी सारं ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलेलं मी पाहिलं, आणि क्षणभर वाटलं की ते बोलणार. त्यांनी एक घोट घेतला आणि आत गेले. तानपुऱ्याला मावशीनं त्याच दिवशी गवसणी घातली.

थंडी पडू लागल्यावर मीच हट्ट धरला की कान तपासून घेऊ. यंत्र मिळतं, औषध मिळतं, नुसतं झुरत बसण्यात काय अर्थ आहे. ती तयार होत नव्हती. मग एकदाची घाटकोपरच्या एका कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे यायला कबूल झाली. काचेच्या छोट्या खोलीत तिला बसवलं, कानांवर जाडजूड आवरणं घातली, आणि सांगितलं की आवाज ऐकू आला की बोट वर करायचं. मी काचेबाहेरून पाहत होते. तिचं बोट वर जात होतं, पुन्हा पुन्हा, न चुकता, अगदी अलगद. यंत्राशी बसलेली मुलगी आवाज बारीक बारीक करत गेली आणि शेवटी तिनं नवलानं आत पाहिलं.

डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या, "मावशी, तुमचे कान माझ्याहून चांगले आहेत. घरी काही ऐकू येत नाही असं कोण म्हणतं?"

मावशीनं पिशवी उचलली. बाहेर येऊन ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. इतकी चांगली बातमी ऐकून एखाद्याचा चेहरा असा विझावा, हे मला आधी उमगलंच नाही. मी म्हणाले, "अगं, आनंदाची गोष्ट आहे ना?" ती हातातल्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती. कान खरे निघाले होते, म्हणजे दुसरं कुणीतरी खोटं होतं. आणि त्या घरात तिच्याखेरीज दोनच माणसं होती, त्यांतली एक मी.

बऱ्याच वेळानं ती उठली. "चल, अंधेरीला जाऊन येऊ."

"आत्ता?"

"आत्ता."

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. दुकानात ती उद्घाटनाच्या वेळी चिपळूणला असल्यानं गेली नव्हती, आणि नंतर काकांनी दरवेळी काही ना काही कारण काढलं होतं. हेही तिला बसमध्येच एकेक करून आठवत असावं. दुकान ऐटबाज होतं. भिंतीशी नव्या चकाकत्या जोड्या मांडलेल्या, आणि मधोमध गालिचावर, सर्वांपासून जरा दूर, एक जोडी. समोर एक खुर्ची. विक्रेत्यानं आम्हांला ओळखलं नाही.

"या ना मॅडम. काय ऐकवू?"

मावशीनं आपल्या आवडत्या तबकडीचं नाव सांगितलं. तबकडी तिथे होतीच. मावशी खुर्चीत बसली. सुई टेकली, खरखर झाली, तानपुरा आला. आणि तानेच्या आधी, त्या गजबजलेल्या रस्त्याच्या तोंडाशी, गाड्यांच्या भोंग्यांमध्येही अगदी स्वच्छ, त्या बाईनं श्वास घेतला.

मला तो ऐकू आला. मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं होतं, पण ती हलली नाही.

"याची काय किंमत?" मीच विचारलं. माझा आवाज मला परका वाटला.

"हे विकायचे नाहीत हो. साहेबांच्या घरचे आहेत. गिऱ्हाइकाला आवाज ऐकवायला ठेवलेत. तुम्हांला मिळेल ती हीच जोडी, फक्त नवी." आणि त्यानं भिंतीकडे हात केला.

तेवढ्यात आतल्या केबिनचं दार उघडलं आणि काका एका व्यापाऱ्याला निरोप देत बाहेर आले. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. व्यापारी हात पुढे करून उभा होता, आणि काकांना तो हात दिसत नव्हता. मावशीनंही त्यांना पाहिलं. पण ती उठली नाही. तबकडीची ती पूर्ण बाजू तिनं ऐकली, अखेरच्या सुरापर्यंत, जसं एखाद्याला स्टेशनवर पोचवायला जावं आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत थांबावं. मग पदरानं डोळे पुसले, चपला घातल्या आणि म्हणाली,

"येते मी. जेवायला दुधीची भाजी आहे, फार उशीर करू नका."

काका दिवेलागणीलाच घरी आले. मी आत जाऊ लागले तर मावशी म्हणाली, "बस गं इथेच. तूही फसलीस." काकांनी सारं सांगितलं. सामंतांच्या शेडमध्ये बनलेली जोडी काही केल्या तशी वाजेना. सागवान परवडत नव्हतं, घाई झाली होती, आणि ऐकून दोष सांगायला मावशी तिथे नव्हती. सामंत म्हणाले, आठवडाभर घरची दुकानात नेऊन ठेवू, लोकांना ऐकवू, घरी तोवर नवी राहील. मग ऑर्डरी येऊ लागल्या, जोडी हलवता येईना.

"आणतो आणतो म्हणत राहिलो," काका म्हणाले. "मग सांगायची सोयच राहिली नाही."

"मागितले असते तर दिले असते मी."

"माहीत आहे."

"मग?"

काका स्पीकरच्या नव्या कापडावरची सुरकुती अंगठ्यानं सारखी करू लागले.

"स्पीकर नेलेत त्याचं नाही हो," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. शिकवताना एखादी जागा सोपी करून सांगावी तशी ती बोलत होती. "मी इथे बसून रोज माझेच कान खोटे पाडत होते. आणि तुम्ही समोर बसून चहा पीत होतात. क्लास बंद केला, तेव्हा तरी बोलायचं."

"उद्याच आणतो घरी. सगळ्यांत आधी तेच करतो."

"आणा," ती म्हणाली आणि पानं घ्यायला उठली.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून ती जोडी परत आली. काकांनी स्वतः उचलून जुन्या जागी ठेवली, जमिनीवरच्या खुणांशी जुळवून ठेवली, तबकडी लावली आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "ऐकतेस ना?" मावशी हात पुसत आली, खुर्चीत बसली. दोन्ही हात मांडीवर होते. थोडा वेळ ऐकून म्हणाली, "छान आहे." आणि भाजी बघायला आत गेली.

त्यानंतर काकांनी तिला जे जे ऐकवलं, त्या प्रत्येकाला तिनं हेच म्हटलं. छान आहे. त्यांनी नवी जोडणी केली, छान आहे. मुद्दाम एक तार उलटी जोडून, आवाज पार बिघडवून ऐकवलं, आणि तिच्या तोंडाकडे आशेनं पाहत राहिले, छान आहे. मफलर नाही, पितळ नाही, दाराआड उभी असलेली बाई नाही. ती रुसली नव्हती. त्यांना कावीळ झाली तेव्हा तिनं पंधरवडाभर जागून त्यांची शुश्रूषा केली, त्यांच्या आवडीची घावनं केली, लग्नसमारंभांना दोघं बरोबर गेली. फक्त तिचा कान तिनं त्यांच्याकडून काढून घेतला होता. काकांचे स्पीकर पुढे बऱ्यापैकी खपले, पण ते प्रत्येक वेळी पाठची फळी उघडून बराच वेळ आत पाहत बसायचे, काय करावं हे सांगणारं कुणी नसल्यासारखे. दोन-तीन वर्षांत त्यांनी दुकान सामंतांवर सोपवलं आणि पुन्हा कुठेशी नोकरी धरली.

मावशीनं क्लास पुन्हा सुरू केला. घरात नाही, सोसायटीच्या ऑफिसच्या खोलीत, जिथे पंखा कुरकुरायचा आणि भिंतीला पाणी झिरपायचं. तानपुरा मी पोचवून द्यायचे. पहिल्या दिवशी तिनं तो लावला तेव्हा खुंटीवरचा तिचा हात जराही अडखळला नाही. एका मुलीचा गंधार किंचित उतरला तशी ती फटकन म्हणाली, "खाली घसरलीस. वर चढ." मला त्या खोलीत रडू आलं होतं.

आता ती नाही. ती गेल्यावर काही महिन्यांनी मी काकांना भेटायला मुलुंडला गेले होते. ते खूप थकले होते. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मी निघताना त्यांनी दाराशी थांबून विचारलं, "तुझ्याकडे तिची एखादी कॅसेट आहे का गं? शिकवतानाची, नाहीतर नुसती बोलतानाची?"

नव्हती. कुणाकडेच नव्हती. जगातल्या किती गळ्यांना त्या खोलीनं आसरा दिला होता, त्यांचे सूर, त्यांचे ठेके, त्यांचे निःश्वाससुद्धा जपून ठेवले होते. आणि जी तिथे रोज बोलत होती, तिचा एक शब्दही कुणाला धरून ठेवावासा वाटला नाही. मी मान हलवली. काकांनी दार लोटून घेतलं.

मला तिचा आवाज अजून ऐकू येतो, असं मी स्वतःला सांगते. पण हल्ली तिची वाक्यं आठवतात ती माझ्याच आवाजात. गेलेल्या माणसाचा चेहरा भिंतीवर टांगता येतो, लुगड्याचा वास कपाटात काही काळ रेंगाळतो. स्वर मात्र ज्यांनी ऐकला त्यांच्याच हवाली असतो, आणि काळ तो कणाकणानं, आपल्याला न विचारता, नेत राहतो.